सावडीचे रास्त मूल्य

गुंजवणीकाठ भात उत्पादक शेतकरी कंपनी मर्यादित, मुक्काम कातळवाडी, तालुका वेल्हे, या कंपनीने एक एप्रिलपासून नवीन लेखामानकांचा अंगीकार केला. अंगीकाराच्या दिवशी कंपनीकडे चौदा सभासद, भात भरडायची एक गिरणी, एक वजनकाटा, एकोणीस प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट एवढी मालमत्ता होती. कपाटाची किल्ली तीन वर्षांपूर्वी हरवल्यामुळे ते कायम उघडे असे आणि त्यात कोंबडी अंडी घालत असे. कोंबडी कंपनीची नव्हती.

कायद्याने या मानकांची सक्ती कातळवाडीवर नव्हती. ती मोठमोठ्या कंपन्यांसाठी होती, ज्यांच्या कपाटांना कुलपे असतात. पण फेब्रुवारीत कंपनीचा व्यवस्थापक कुंडलिक पुण्याला एका दुकानसाखळीच्या खरेदी अधिकाऱ्याकडे तांदळाचा नमुना घेऊन गेला होता. अधिकाऱ्याने तांदूळ हातात घेतला नाही, त्याचा वास घेतला नाही. त्याने विचारले, तुमचे हिशेब कोणत्या मानकांप्रमाणे असतात? कुंडलिकचे हिशेब तोवर एका लांबट वहीत असत आणि ती वही रबरबँडने बांधलेली असे. पण तो भोरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेला होता आणि ही गोष्ट जगाने विसरू नये असे त्याला मनापासून वाटे. तो म्हणाला, "नवीन." अधिकाऱ्याने कागदावर बरोबरची खूण केली आणि वर्षाला अठरा टन इंद्रायणी घ्यायचे कबूल केले. अट एकच. हिशेब नव्या मानकांचे आणि लेखापरीक्षकाचा शेरा स्वच्छ. आपण खोटे बोललो असे कुंडलिकला परतीच्या एसटीत वाटले नाही. थोडे लवकर बोललो, एवढेच वाटले.

भैरवनाथाच्या सभामंडपात सर्वसाधारण सभा झाली. अध्यक्ष रखमाजी, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणे, त्यांनी विचारले की ह्यानं नेमकं बदलणार काय. कुंडलिकने सांगितले, काहीच नाही, फक्त लिहायची पद्धत. ठरावाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते की हा निर्णय एकदा घेतला की मागे घेता येत नाही.

"लगीन हाय का हे?" आबांनी विचारले.

"त्याच्यापरीस पक्कं," कुंडलिक म्हणाला.

ठराव एकमताने मंजूर झाला. माऊली नावाच्या सभासदाने चहाबद्दल विचारणा केली, तिची नोंद इतिवृत्तात घेण्यात आली.

मानकांची घडी बसवून देण्यासाठी पुण्याहून सार्थक नावाचे सल्लागार येऊ लागले. वय अठ्ठावीस, पाठीवर सॅक. ते शनिवारी पहाटे येत, आधी पालीच्या बाजूने राजगड चढत, दुपारी उतरत आणि कुंडलिकच्या ओट्यावर बूट काढून पिठलं-भाकरी खात. गड चढण्याला ते आपल्या बिलात ‘कार्यक्षेत्राची जोखीम पाहणी’ म्हणत. तिसऱ्या शनिवारी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सहज विचारले की शेतात मजूर किती लागतात.

मजूर लागतच नाहीत, असे कुंडलिकने अभिमानाने सांगितले. वाडीत सावड आहे. आज चौदाही घरांनी एकाच्या भातखाचरात उतरायचे, उद्या दुसऱ्याच्या. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. ज्याची पाळी त्याने दुपारची भाकरी घालायची. लिहायचे काही नाही.

सार्थक सरांचा घास हातातच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो राजगडाच्या माथ्यावरही पसरला नसेल.

"कुंडलिकराव, म्हणजे ही एवढी मोठी बांधिलकी तुम्ही ताळेबंदाबाहेर ठेवलीय?"

कुंडलिकला एकदम चोरी पकडल्यासारखे झाले. सरांनी समजावले की सभासदांचा सगळा भात कंपनी घेते, त्या भाताची लावणी सावडीवर होते, म्हणून सावड हा कंपनीचाच व्यवहार आहे. ज्याने दिवस दिला त्याचे ते येणे. ज्याने घेतला त्याचे ते देणे. नव्या मानकांत काहीही लपवून चालत नाही. शिवाय पहिल्याच वर्षी हिशेब मागे जाऊन दुरुस्त करावा लागतो, जणू मानके पहिल्यापासूनच लागू होती. सावड कधीपासून चालू आहे?

पलीकडे बसलेले आबा म्हणाले, "आमच्या आज्याच्या बी आदीपासनं."

"कागद आहेत?"

"कागद कशाला? मला याद हाय की."

तेव्हा आबांच्या आठवणीला कंपनीचे मूळ दस्तऐवज मानण्यात आले. मे महिन्याच्या चार दुपारी आबा आंब्याखाली बाजेवर बसून गेल्या बावन्न वर्षांच्या लावण्या सांगत होते आणि कुंडलिक लॅपटॉपवर लिहीत होता. वाडीला जे विसरून पन्नास वर्षे झाली होती, ते सगळे वर आले. कुणाचा चुलता तापाचे निमित्त करून जत्रेला गेला होता. कुणाच्या आजीने अर्ध्या दिवसाला पूर्ण दिवस धरला होता. दोन घरांचे बोलणे बंद झाले. सार्थक सरांनी त्याला ‘संक्रमणाचा स्वाभाविक परिणाम’ म्हटले. बहुतेकांचे जुने देणे-येणे एकमेकांत जवळजवळ फिटत होते. एकच रक्कम उरली, ती रक्कम म्हणजे तीन दिवस. बावन्न वर्षांपूर्वी कुंडलिकचा आजा सोनबा बांधावरून पडून त्याचा पाय मोडला होता. वाडीने त्याची लावणी उरकून दिली आणि पुढच्या साली सोनबाला चिखलात उतरता आले नव्हते. कुंडलिकने ते तीन दिवस अगदी प्रामाणिकपणे आपल्या घराच्या नावावर लिहिले. स्वतःच्या आज्याला सूट देणारा व्यवस्थापक अशी आपली ओळख होऊ नये, असे त्याला वाटले.

त्या वर्षी सावडीत कुंडलिकची पाळी शेवटची, चौदावी होती. त्यात काही वावगे नव्हते. गेल्या साली तो पहिला होता. त्याचे खाचर दीड एकराचे. त्यातून आठ पोती घरात राहत, बाकीचा भात गिरणीवर जाई, आणि घरातली आठ पोती म्हणजे वर्षभराचा दोन्ही वेळचा भात. जूनच्या सुरुवातीला त्याच्या बायकोने, सुलक्षणाने, तरवा टाकला, म्हणजे रोपासाठी दाट पेरणी केली. रोप पंचविसाव्या दिवशी उपटून लावायचे असते. फार तर तिसाव्या. पस्तिशी ओलांडली की ते निबर होते, मग लावून उपयोग नसतो. हे मानक वाडीत फार जुने होते आणि त्याचा अंगीकार कुणी ठराव करून केलेला नव्हता.

"चौदावी पाळी म्हंजी सव्विसावा दिस," सुलक्षणा बोटांवर मोजून म्हणाली. "जमंल. फकस्त तुमचं ते मानक मधी आडवं यायला नगं."

कुंडलिक हसला. लिहायच्या पद्धतीने रोपाला काय होणार होते?

जूनच्या मध्यावर रास्त मूल्य समिती बसली. दिवसाला दिवस ही जुनी पद्धत सरांनी रद्द केली होती. प्रत्येकाच्या दिवसाचे रास्त मूल्य निघाले पाहिजे. रास्त मूल्य म्हणजे बाजारात त्याला काय भाव आला असता, तो. नसरापूरच्या नाक्यावर मजुराचा जो भाव चालतो तो एक रुपया धरला आणि त्या रुपयात प्रत्येकाला बसवले. फुलाबाई भरभर लावते म्हणून तिचा दिवस रुपया वीस पैसे. माऊली लावताना बोलतो म्हणून ऐंशी पैसे. अडचण आली ती कोंडाबाईची. कोंडाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दहा वर्षांपासून तिचे गुडघे वाकत नव्हते. ती खाचराच्या कडेला उभी राहून गाणी म्हणे आणि बाकीच्या बाया तिच्या ठेक्यावर लावत जात. तिचा दिवस वाडी पूर्ण धरत असे. का धरते, हे आजवर कुणी विचारले नव्हते.

"गाण्याला सक्रिय बाजार आहे का?" सार्थक सरांनी विचारले. "म्हणजे असं गाणं कुणी भाड्याने घेतं का?"

माऊली म्हणाला की नसरापुरात डीजे बारा हजाराला मिळतो.

त्यामुळे सुमारे दहा मिनिटे कोंडाबाई कंपनीतली सगळ्यात मौल्यवान व्यक्ती होती. मग तिच्याकडे स्पीकर नाहीत, लाईट नाहीत, जनरेटर नाही, अशा वजावटी होत गेल्या. वयाची घसारा वजावट झाली. शेवटी तिचा दिवस पस्तीस पैशांवर स्थिरावला. कुंडलिक स्वतः तिला सांगायला गेला. तो तिला आत्ये म्हणत असे. आत्येने ऐकून घेतले, तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि बरं म्हणाली. एवढ्या सहज मान्यता मिळाल्याची नोंद त्याने ‘भागधारकांशी सुसंवाद’ या मथळ्याखाली केली.

पहिली लावणी आबांच्या खाचरात. पाऊस रिपरिपत होता, चिखलणी झाली होती, बाया डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन ओळीत वाकल्या. कोंडाबाईने गाणे उचलले. गाण्यातली सासुरवाशीण माहेरी निघाली, ओढ्यापर्यंत आली, आणि तिथे कोंडाबाई थांबली. बायांचे हात रोपासकट हवेत राहिले.

"आवं आत्ये, पुढं?" फुलाबाईने विचारले.

"पुढचं पासष्ट पैशात हाय," कोंडाबाई म्हणाली.

तिने दिवसभरात एकवीस गाणी म्हटली, प्रत्येकाचा पहिला तिसरा हिस्सा. एकवीस सासुरवाशिणी ओढ्यापाशी उभ्या राहिल्या. ठेका तुटला की ओळ तुटे, ओळ तुटली की रोप वाकडे पडे. जे खाचर दुपारी चारला उरकायचे, ते दुसऱ्या दिवशी दहाला उरकले. सरांना फोनवर कळवले तेव्हा त्यांनी अभिनंदन केले. दिवसांची संख्या वाढल्याने कंपनीचे एकूण व्यवहारमूल्य वाढले होते.

त्यातून पुढची पायरी आली. येणे लिहिले म्हणजे ते बुडू शकते, आणि बुडणार किती याचा अंदाज आधीच बांधून तेवढे बुडीत धरावे लागते, असे मानकात होते. कुंडलिकने ओट्यावर बसून चौदा घरांची यादी केली. कोण आजारी पडेल, कोण भांडेल, कुणाच्या मुलीचे लग्न निघेल, कोण जगेल. त्याने मन घट्ट केले. कोंडाबाईसमोर पंचेचाळीस टक्के लिहिले. माऊलीसमोर, पूर्वानुभव लक्षात घेऊन, साठ. स्वतःसमोर शून्य. यादी गोपनीय होती, म्हणून ती त्याने उघड्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी अंडे काढायला गेलेल्या माऊलीने ती वाचली.

माऊली चिडला नाही. तो फार समजूतदारपणे बोलला. म्हणाला, तुमी सायबलोकांनी हिशोब करून ठरवलंय की माजं साठ टक्के येनं बुडनार. मंग म्या आलो तर तुमचा हिशोब खोटा पडंल. आपल्या माणसाचा हिशोब म्या कसा खोटा पाडू? आणि तो पाच दिवसांपैकी तीन दिवस घरी झोपू लागला. बाकीच्यांनीही आपापले आकडे पाहून घेतले. वीस टक्केवाल्यांनी पाच दिवसांतून एक दिवस सोडला. कोंडाबाईने विचारले की पंचेचाळीस टक्के म्हंजी म्या कवा मरायचं धरलंय, आकाडात का श्रावणात, कारण तिला घरी सांगून ठेवायचे होते. कुंडलिकने सांगितले की तसे नसते, तो फक्त अंदाज असतो. वर्षअखेरीस सरांनी पाहिले तर प्रत्यक्ष बुडालेले दिवस आणि अंदाज यांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. इतका अचूक अंदाज त्यांनी त्यांच्या कारकिर्दीत पाहिला नव्हता.

लावणी रांगत पुढे सरकत होती. सकाळी आधी सह्या, मग शिल्लक पडताळणी, मग आपला दिवस किती पैशांचा यावर थोडे बोलणे, असे करून अकराला पहिले रोप चिखलात जाई. पाचव्या दिवशी सरांचा निरोप आला की आज दिलेला दिवस आणि तीन आठवड्यांनी मिळणारा दिवस सारखे नसतात, काळाचे मूल्य धरावे लागते. दर वर्षाला नऊ टक्के ठरला होता. म्हणजे परतफेड करणाऱ्याने दिवसाबरोबर वर काही मिनिटे द्यायची. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला काम थांबे आणि ज्यांचे देणे असे ती मंडळी व्याज म्हणून तीन-चार मिनिटे वाकलेल्या स्थितीत उभी राहत. मानकात वाकण्याबद्दल काही नव्हते. फुलाबाईच्या मते नुसते उभे राहिले तर ते फेडल्यासारखे वाटत नसे.

तेराव्या घराची लावणी उरकली त्या दिवशी कुंडलिकचे रोप एकतीस दिवसांचे झाले होते. सुलक्षणा रोज संध्याकाळी तरव्याच्या कडेला जाऊन रोपाचा बुडखा चिमटीत दाबून पाही. त्या दिवशी ती घरात आली आणि चूल न पेटवता बसली.

"उद्या झालंच पायजे," ती म्हणाली. "अजून चार दिस, मंग त्यो तरवा बैलाला घालायचा."

कुंडलिक म्हणाला, उद्या आपलीच पाळी आहे, तेरा घरांचे दिवस आपले येणे आहेत, नवरा-बायको मिळून सव्वीस. नोंद पक्की आहे.

रात्रीच सरांचा मेल येऊन पडला होता, पण रेंज नसल्याने तो सकाळी मिळाला, पाण्याच्या टाकीच्या वरच्या अंगाला असलेल्या दगडावर उभे राहिल्यावर. सगळी वाडी त्या दगडावरूनच जगाशी बोले. सरांनी तिमाही हिशेब बंद केला होता. सगळ्यांचे सगळ्यांना देणे असल्याने परस्पर वजावट करून टाकली होती, त्यामुळे ताळेबंद फार सुटसुटीत झाला होता. तेरा घरांची शिल्लक शून्य. राहिले कुंडलिकचे घर. सोनबाचे तीन दिवस, बावन्न वर्षे, दरसाल नऊ टक्के, चक्रवाढीने, दोनशे पासष्ट दिवस झाले होते. त्यातून कुंडलिकचे सव्वीस वजा जाता दोनशे एकोणचाळीस दिवस कंपनीला देणे. खाली ‘मान्य’ असे बटण होते. आकडा तपासायला त्याने दोनदा गुणाकार केला. बरोबर येत होता. बी.कॉम. माणसाला बरोबर आलेला गुणाकार नाकारता येत नाही. त्याने मान्य केले आणि घरी येईपर्यंत आपण काय मान्य केले याचा विचार केला नाही.

घरी आल्यावर त्याने तो आकडा सुलक्षणाला सांगितला.  ती म्हणाली, "म्हंजी आज आपल्याकडं कुनी येत न्हाई, आन आपुन मातर आठ म्हैने लोकांच्यात जायचं?"

"वजावटीनं तसं दिसतंय."

"तुमच्या आज्याचा पाय मोडला तवा तुमी जल्मला बी नव्हता."

"म्हणूनच चक्रवाढ झाली ना," कुंडलिक म्हणाला. हे उत्तर कुठेतरी चुकले आहे हे त्याला कळत होते, पण कुठे, ते सापडेना.

नसरापूरच्या नाक्यावर त्याने फोन लावून पाहिला. मजूर नव्हते. लावणीच्या दिवसांत मजूर आपापल्या खाचरात असतात. आणि मग जे व्हायला नको होते ते झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, पावसात, आबा पुढे आणि मागे तेराही घरे, डोक्यावर कागद घेऊन, कुंडलिकच्या बांधावर येऊन उभी राहिली. माऊलीसुद्धा. त्याचा तो घरी झोपायचा दिवस होता.

आबा म्हणाले, रोप दिसतंय आमाला. चला, तरवा उपटायला घ्या. हिशोब तिकडं भैरवनाथाला.

 कुंडलिकने दगडाकडे पळत जाऊन सरांना फोन लावला. सरांचा आवाज गंभीर झाला. सर म्हणाले, दोनशे एकोणचाळीस दिवसांचे देणे असलेल्या व्यवस्थापकाच्या शेतात सभासद फुकट राबले, तर ती कंपनीने संबंधित व्यक्तीला दिलेली बक्षिसी ठरेल. लेखापरीक्षक ताशेरा मारतील. ताशेरा आला की पुण्याची अठरा टनांची मागणी रद्द. नोंद न करता केलं तर, कुंडलिकने विचारले. तर ते लपवणं झालं. निर्णय तुमचा आहे, असे म्हणून सरांनी फोन ठेवला. त्यांना गड चढायचा होता.

कुंडलिक परत आला. लोक चिखलाच्या कडेला चपला काढून थांबले होते. एका बाजूला दीड एकर मोकळे खाचर होते, पाणी भरलेले, चिखलणी झालेले. दुसऱ्या बाजूला स्वच्छ शेरा होता. तो शेरा अजून कुणी पाहिलेला नव्हता.

"आबा," तो म्हणाला, "तुमी लई मोठ्या मनानं आला. पन तुमाला खाचरात उतरू देता येत न्हाई."

 कोंडाबाई पुढे झाली. तिने विचारले की म्या नुस्ती गाते, पुरं गाणं, फुकाट, तेवढं तर चालंल? कुंडलिकने मान खाली घालून सांगितले की फुकट असले तरी ते रास्त मूल्याने दाखवावे लागेल, आत्ये.

"दाव मंग," म्हातारी म्हणाली. "किती हाय?"

"पस्तीस पैसे."

ती हसली नाही. तिने चपला घातल्या. तिच्यामागे एकेकाने घातल्या. सुलक्षणा एकटीच चिखलात उतरली आणि दिवस मावळेपर्यंत एकटी लावत राहिली. कुंडलिकही उतरला असता, पण त्या दिवशी त्याला न झालेल्या मदतीचे घोषणापत्र टाईप करायचे होते. दिवेलागणीला तिने पाय धुतले. दीड एकरातला एक कोपरा हिरवा झाला होता, अंगणाएवढा. उरलेले रोप दोन-तीन दिवसांत निबर झाले.

"एवढं वरीस," कुंडलिक म्हणाला. "शेरा स्वच्छ आला की पुढल्या साली बघ."

"बघते की," सुलक्षणा म्हणाली. "भाताचं आदण ठिवायचं का शेऱ्याचं, तेवढं सांगून ठिवा."

सप्टेंबरअखेरीचा सहामाही अहवाल दोनशे बारा पानांचा झाला. कंपनीला तिच्या इतिहासातला सर्वोच्च नफा झाला होता. उभे पीक ही जैविक मालमत्ता, आणि वाढत्या जैविक मालमत्तेचे मूल्य वाढते, असे मानक सांगते. कुंडलिकचा न लावलेला तरवा जागच्या जागी कमरेएवढा वाढून पिवळा पडला होता. उंचीप्रमाणे त्याचे मूल्य रोपवाटिकेच्या भावाने धरल्यावर तो सगळ्या वाडीच्या पिकात अव्वल ठरला. त्याहून मोठी मालमत्ता एकच होती, ती म्हणजे कुंडलिककडून येणे असलेले दोनशे एकोणचाळीस दिवस, बुडण्याची शक्यता शून्य टक्के. अशा तऱ्हेने कंपनीची सर्वांत मोठी मालमत्ता सोनबाचा मोडलेला पाय ही होती. लेखापरीक्षकांनी शेरा दिला. तो इतका स्वच्छ होता की कुंडलिकने त्याची प्रत लॅमिनेट करून ओट्यावर लावली. पुण्याच्या अधिकाऱ्यांनी नफा पाहून मागणी अठरावरून पंचवीस टनांवर नेली.

दिवाळीनंतर भात झोडपला, तेव्हा वाकड्या ओळी, उशीर आणि बुडीत दिवस यांतून वाडीचा सगळा मिळून तांदूळ सहा टन भरला. कुंडलिकने सरांना विचारले की कमी पडलेले एकोणीस टन कोणत्या टिपेत दाखवायचे. सर म्हणाले, मानक हिशेबाबद्दल आहे, तांदळाबद्दल नाही, तांदूळ कुठूनही आणा. तो ट्रकने आला. कुठून आला ते ट्रकवाल्यालाही नीट सांगता येईना, त्याने तो वाटेत दुसऱ्या ट्रकमधून घेतला होता. गिरणीवर पाच-पाच किलोच्या पिशव्या भरल्या. पिशवीवर राजगडाचे चित्र, खाली ‘गुंजवणीकाठचा अस्सल इंद्रायणी, पारंपरिक सावडीने पिकवलेला’, आणि त्याखाली सोनेरी अक्षरात ‘नवीन लेखामानकांनुसार’. कुंडलिकच्या घरातली पोती जानेवारीत संपली, कारण या वर्षी ती दीडच होती. तेव्हा त्याने कंपनीची एक पिशवी विकत घेतली. संबंधित व्यक्तीला सवलत देता येत नाही म्हणून पूर्ण भावाने. सुलक्षणाने भात शिजवला, झाकण काढले, वाफ नाकाशी घेतली आणि पातेले त्याच्यापुढे सरकवले. कुंडलिकने दोन घास खाल्ले. काहीच वास नव्हता. त्याने उठून पिशवी उलटसुलट करून वाचली, म्हणजे निदान लिहिलेले तरी बरोबर आहे ना.

तुम्ही मात्र तसे केले नाहीत. गेल्या रविवारी तुमच्याकडे पाहुणे आले होते. वरण-भात वाढताना तुम्ही पिशवी ओट्यावर दिसेल अशी ठेवली होती, आणि ताटावर जरा वाकून म्हणालात, "वेल्ह्याचा आहे बरं का, वासावरूनच कळतं." पाहुण्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, हो, लगेच कळतं.